पंचरंगी: धर्माच्या नावाने खेळलेले क्रिकेट

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक बॅनर पाठवले. हिरवी पार्श्वभूमी, कोपऱ्यात चांदतारा, मधोमध चषक आणि खाली जुन्नर-आंबेगावातल्या आठ-दहा गावांची नावे. आपल्या समाजाच्या पोरांची प्रीमियर लीग. टेनिस बॉल, सहा षटके, प्रवेश फी भरली की संघ पक्का. भाचा आंबेगाव तालुक्यात राहतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बॅट बरी चालवतो. बॅनरखाली त्याने लिहिले होते, "मामू, यायचं हं बघायला."

आमच्याकडे अशा लीग आता सगळ्याच समाजांच्या भरतात. एका जातीची भरली की दुसऱ्या जातीची पोरे वर्गणी काढतात. सुगी संपली की एखादे रान रोलरने दाबून घ्यायचे, चुन्याने सीमारेषा मारायची, मंडप टाकून त्यात समालोचकाला बसवायचे. बिबट्याच्या धास्तीने सामने अंधार पडायच्या आत उरकायचे, हा खास आमच्या भागाचा नियम. त्या दिवशी चहाच्या टपरीवर विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ हळहळून म्हणाले, "पूर्वी असं नव्हतं हो. खेळात कधी जात-धर्म आला नव्हता."

माझी अडचण तिथून सुरू झाली. पूर्वी असेच होते. या देशातली सर्वांत गाजलेली क्रिकेट स्पर्धा संघांची नावेच धर्मावरून ठेवून खेळली गेली. ती आपल्या मुंबईत, काही वर्षे पुण्यातही झाली आणि १९४६ पर्यंत चालली. आजोबांच्या पिढीतल्या लोकांना ती 'चौरंगी' आणि पुढे 'पंचरंगी' या नावाने पाठ होती. आज तिचे नाव काढले तर लोक एकतर लाजतात, नाहीतर तिला इंग्रजांची चाल म्हणून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात.

सुरुवात मैदानाच्या भांडणापासून झाली. हिंदी लोकांत क्रिकेट पहिल्यांदा उचलले ते मुंबईच्या पारशांनी. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे खेळायची आणि त्याच हिरवळीवर बाँबे जिमखान्याचे गोरे साहेब घोडे घालून पोलो खेळायचे. खुरांनी खेळपट्टीची चाळण व्हायची. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पारशांनी अर्जांवर अर्ज केले, वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली. शापूरजी सोराबजी यांनी पुढे १८९७ मध्ये या लढ्याची हकीकत पुस्तकात लिहून ठेवली. हिंदी माणसाने क्रिकेटवर लिहिलेले ते पहिल्या काही पुस्तकांपैकी एक.

सरकारने तोडगा काढला तो असा, की मैदानाचा वाद मैदानावर न सोडवता समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर वेगवेगळे भूखंड द्यायचे. पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा आणि हिंदू जिमखाना १८९४ चा. त्यातल्या मोठ्या काळात गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. आजही मरीन लाइन्सला उतरून चौपाटीच्या दिशेने चालत गेलात तर हे जिमखाने समुद्राकडे तोंड करून रांगेने उभे दिसतात. भरल्या संध्याकाळी तिथे लग्नांची रोषणाई असते. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, इतकी ती रांग सवयीची झाली आहे.

एक गोष्ट मात्र इथे नीट पाहावी लागते. ज्याला खेळायला जागा हवी त्याने 'समाज' म्हणून अर्ज करायचा, असा रिवाज पडला. गल्लीतल्या, पेठेतल्या, कॉलेजातल्या पोरांनी मिळून जागा मागितली असती तर ती मिळाली असती का, हे सांगता येत नाही. जमातीचे शेठ लोक पुढे झाले की मिळत होती. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीशी तय्यबजी घराण्याचे नाव जोडलेले आहे. याच घराण्यातले न्या. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. म्हणजे एका हाताने राष्ट्रसभा चालवणारे घराणे दुसऱ्या हाताने जमातीचा जिमखानाही उभारत होते. त्या काळच्या माणसांना यात विसंगती दिसत नव्हती. जमातवादाचा आजचा अर्थ तेव्हाच्या प्रत्येक कृतीला चिकटवला तर इतिहास समजायचा राहून जातो.

जिमखाने झाल्यावर सामने आलेच. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना भरू लागला. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तो तिरंगी झाला. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी सुरू झाली. पहिल्या वर्षी पारशी जिंकले. १९३७ मध्ये 'रेस्ट' म्हणजे 'उरलेले' या नावाने पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाली. हा नावांचा हिशेब इथेच संपवतो. खरी गोष्ट त्या संघांच्या आत आहे.

पुण्यापासून सांगतो. १८९० च्या सुमारास पुण्याच्या कॅम्पात पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर एक पोरगा खेळपट्टी झाडायचा, रोलर ओढायचा. पळवणकर बाळू. मूळ कोकणातल्या पळवणचा, चांभार समाजातला. वडील लष्करात नोकरीला. पुढे तो चार रुपयांवर गोऱ्यांच्या पूना क्लबात लागला. नेटमध्ये डावखुरी संथ गोलंदाजी टाकता टाकता तो साहेबांनाच अवघड जाऊ लागला. जे. जी. ग्रेग हा तेव्हाचा नावाजलेला गोरा फलंदाज. बाळूने आपल्याला बाद केले की तो त्याला आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगितली जाते. तासन्‌तास गोलंदाजी टाकणाऱ्या बाळूच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम आणि गोलंदाजी ही मजुरी.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांना चकवणारा गोलंदाज तर एका 'अस्पृश्य' घरातला. मोठा पेच पडला. शेवटी घेतला त्याला. मैदानावर तोच चेंडू सगळे हाताळत. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. एका धर्माच्या नावाने उतरलेल्या अकरा जणांत एकाला बाहेर बसून चहा प्यावा लागत होता, ही या स्पर्धेतली माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट आहे. बाळू पुढे मुंबईला गेला. १९०६ मध्ये हिंदूंनी बाँबे जिमखान्याला १०९ धावांनी हरवले, त्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. तिथे त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० मध्ये आपल्याला जातीमुळे डावलले जाते असे जाहीरपणे सांगून त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. मुंबईत मोठी चर्चा झाली. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदू संघ चौरंगी जिंकला. बाळूच्या घरात जे आले ते भांडून आले.

आता आपला, म्हणजे मुसलमानांचा संघ. 'आपला' हा शब्द लिहिताना माझा हात जरा अडखळतो, पण त्या काळी हजारो लोक तो बिनदिक्कत म्हणत होते. मुंबईचे मुसलमान म्हणजे खोजे, बोहरी, मेमन, कोकणी. भाषा वेगळ्या, जेवण वेगळे, अनेकदा मशिदीही वेगळ्या. इस्लाम जिमखाना चालवणारे बहुतेक व्यापारी. खेळाडू कमी पडायचे, म्हणून ते बाहेरून यायचे. आधी अलीगढच्या कॉलेजातून. अलीगढला क्रिकेटचे वेड सर सय्यदांच्या कॉलेजापासून होते. खिलाफत चळवळीतले मौलाना शौकत अली तिथल्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते, हे आज सांगितले तर लोकांना खोटे वाटते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातही अलीगढचे खेळाडू होते. नंतर लाहोर, जालंधर, दिल्ली, इंदूर इथून मंडळी येऊ लागली. वझीर अली, नझीर अली, महंमद निसार, अमीर इलाही, मुश्ताक अली. जुन्नरच्या बागवानाला किंवा घोडेगावच्या तांबोळ्याला यातल्या एकाचीही बोलीभाषा कळली नसती. तरी रेडिओभोवती ते जमायचे. १९३४ पासून ए. एफ. एस. तल्यारखान यांनी इंग्रजीतून धावते वर्णन सुरू केले. ज्याला इंग्रजी येत नसे तो ज्याला येते त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा.

मुसलमानांनी पहिल्यांदा निर्विवाद विजेतेपद मिळवले ते १९२४ च्या मोसमात. तिशीच्या दशकात तर त्यांचा दबदबा होता. १९३४ आणि १९३५ लागोपाठ जिंकले, पंचरंगी झाल्यावर १९३७ आणि १९३८ पुन्हा. १९३० ते १९३३ स्पर्धा झालीच नाही, कारण देश कायदेभंगात होता. या चार वर्षांचे मला महत्त्व वाटते. मैदान रिकामे ठेवून लोक तुरुंगात गेले, तेव्हा कोणाला ही स्पर्धा नसल्याने काही बिघडल्यासारखे वाटले नाही. १९३७ मध्ये नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर जागांच्या वाटपावरून हिंदू जिमखाना रुसला आणि त्याने संघ उतरवलाच नाही. धर्माच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेतली भांडणे बहुधा अशीच असायची. खुर्च्या किती आणि कोणाला.

'रेस्ट' या संघाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. ख्रिश्चन, ज्यू, अँग्लो-इंडियन, म्हणजे वरच्या चार खणांत न बसणारे सगळे यात. या 'उरलेल्यां'मध्ये एक मराठी माणूस होता, सांगलीचा विजय हजारे. धर्माने ख्रिश्चन. १९४३ च्या मोसमात हिंदूंविरुद्ध अंतिम सामना. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'रेस्ट' १३३ वर संपले. फॉलोऑननंतरच्या डावात त्यांच्या झाल्या ३८७ आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेच्या. धाकटा भाऊ विवेक एक बाजू धरून उभा राहिला. दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेकचा वाटा होता २१. 'रेस्ट' एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पण त्या सामन्याचे नाव काढले की आजही लोकांना हरलेल्या बाजूचा हजारेच आठवतो.

हाच हजारे १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करून बसला होता. तेव्हा तो 'उरलेला' नव्हता. महाराष्ट्राचा होता. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्यात संस्कृत शिकवणारे ब्राह्मण गृहस्थ. त्या मोसमात आणि पुढच्याही मोसमात महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. रणजी १९३४ मध्ये सुरू झाली होती आणि तिथे संघ प्रांतांचे होते. म्हणजे एकाच वेळी या देशात दोन हिशेब चालू होते. एका हिशेबात देवधर आणि हजारे एका बाजूचे, दुसऱ्यात समोरासमोरचे. माणसे तीच. पण रणजीला रिकाम्या खुर्च्या आणि पंचरंगीला चेंगराचेंगरी, हेही तितकेच खरे. लोकांना कशाची ओढ होती हे तिकीट खिडकी सांगत होती आणि आयोजकांना पैसा दिसत होता.

विरोध झाला नाही असे नाही आणि त्यात मुसलमान मागे नव्हते. 'बाँबे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हे त्यातले ठळक नाव. राष्ट्रवादी मुसलमान, काँग्रेसचे माणूस. त्यांच्या पत्राने ही स्पर्धा बंद व्हावी म्हणून वर्षानुवर्षे लिहिले. ज्या तल्यारखानांच्या आवाजाने ही स्पर्धा घराघरांत नेली, त्यांनीही पुढे तिचे वर्णन करायला नकार दिला. आज ब्रेलवींचे नाव ना उर्दूवाल्यांना आठवते ना मराठीवाल्यांना. फाळणीच्या इतिहासात लीगवाले मुसलमान जितके येतात तितके ब्रेलवींसारखे येत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. देशात वैयक्तिक सत्याग्रह चालू, नेते तुरुंगात, अशात खेळावे का, हा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींनी उत्तर त्याहून पुढचे दिले. कॉलेजा-कॉलेजांतले, संस्था-संस्थांमधले सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी असतात हे आपल्याला कधीच कळले नाही, अशा अर्थाचे ते बोलले आणि मुंबईकरांनी हे सामने मोडीत काढावेत असे सुचवले. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पण पुढच्या वर्षी तो परत आला आणि गर्दीही परत आली.

गांधीजींनी कॉलेजांचे उदाहरण का दिले असेल, यावर मी पुष्कळ विचार केला. विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५-३६ पासून सुरू होती. कॉलेजच्या संघात पोरगा येतो तो प्रवेशाच्या पावतीवर. तीन-चार वर्षे खेळतो आणि बाहेर पडतो. पुढल्या वर्षी त्याच्या जागी दुसरा. कॉलेजविषयीचा अभिमान कितीही कडवा असला तरी त्याला मुदत असते. मर्चंट सिडनहॅम कॉलेजकडून खेळत होता तेव्हा त्याला हिंदू म्हणून टाळ्या मिळत नव्हत्या. धर्माच्या संघातून मात्र माणसाला बाहेर पडताच येत नाही. तो जन्माने आत असतो आणि त्याचा झेल सुटला तर सगळ्या जमातीचा सुटतो.

तरीही मैदानावर जे झाले ते मी वाईट म्हणू शकत नाही. १९४४ चा अंतिम सामना घ्या. हिंदू २०३ आणि ३१५. मुसलमान २२१, जिंकायला हव्या २९८. मुंबईचा के. सी. इब्राहिम सलामीला आला आणि शेवटपर्यंत टिकला, नाबाद १३७. नऊ गडी बाद झाले होते. एका गड्याने सामना जिंकला. हिंदूंचा कर्णधार मर्चंट प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन अभिनंदन करून आला. मुसलमानांचा कर्णधार मुश्ताक अली ही आठवण पुढे आयुष्यभर सांगत राहिला. बाहेर पाकिस्तानच्या ठरावाला चार वर्षे होऊन गेली होती. स्पर्धेचे समर्थक म्हणत, पाहा, यातूनच एकोपा होतो. विरोधक म्हणत, खेळाडूंचा एकोपा होतो, गॅलरीतल्यांचा काय? माझ्या मते दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते.

१९४६ च्या सुरुवातीला शेवटची स्पर्धा झाली, ती हिंदूंनी जिंकली. ऑगस्टपासून दंगली पेटल्या. मंडळाने विभागवार सामने सुरू केले आणि पंचरंगी इतिहासजमा झाली. अमीर इलाही, गुल महंमद आणि अब्दुल हफीझ कारदार भारताकडून कसोटी खेळले होते, ते पुढे पाकिस्तानकडून खेळले. इब्राहिम १९४८ मध्ये भारताकडून वेस्ट इंडीजविरुद्ध खेळला, मुंबईचा कर्णधार झाला आणि नंतर कराचीला गेला. मुश्ताक अली इंदूरलाच राहिला. एका संघातले लोक असे वाटले गेले.

हे सगळे मी भाच्याला एका संध्याकाळी सांगितले. त्याने ऐकून घेतले. बाळूच्या चहाच्या गोष्टीला तो जरा सरसावून बसला. मग म्हणाला, "मामू, तुमचं सगळं खरं. पण गावच्या संघात तीन वर्षं आहे मी. सातव्या नंबरच्या वर कधी पाठवलं नाही. दोनदा तर बाहेर बसवून पाणी द्यायला लावलं. इथं मला सलामीला घेतात. मी काय करू?"

माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. पारशांनी, हिंदूंनी, मुसलमानांनी वेगवेगळे जिमखाने मागितले तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी पोरांचे म्हणणे साधारण हेच असणार. विठ्ठल पळवणकरने वेगळा संघ काढला नाही, आहे त्या संघाशी भांडून कर्णधारपद घेतले, हे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "त्याचा भाऊ बाळू होता, मामू. माझा कोण आहे?"

रविवारी मी गेलो. मंचरच्या अलीकडे, हायवेपासून थोडे आत, कांदा काढून मोकळे झालेले रान. भाच्याच्या संघातला एक पोरगा आलाच नाही, त्याच्या बहिणीचे कुणी पाहुणे बघायला येणार होते. दहाच जण. तेव्हा शेजारच्या वाडीतला, रानाच्या मालकाचा मुलगा बांधावर बसून सामना बघत होता, त्याला उठवून संघात घेतला. नियमात बसत नव्हते. स्कोअररने इकडेतिकडे पाहिले आणि वहीत त्याच्यापुढे एक मुसलमान नाव लिहिले. दुसऱ्या संघाला ते माहीत होते, समालोचकालाही माहीत होते. त्याने दोन षटकांत तीन बळी घेतले आणि दर बळीला समालोचक माइकवरून ते खोटे नाव मोठ्याने पुकारत होता. भाचा सलामीला गेला आणि पाच चेंडूंत दोन धावा करून परतला.